झोपाळ्याच्या फळीतून व्हिनियर: घरी होतं का, आणि कसं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बडोद्यात रावपुऱ्यातलं जुनं घर रिकामं करताना आजोबांचा झोपाळा उतरवला. फळी सागाची, ५ फूट लांब, २२ इंच रुंद, दीड इंच जाड. एका बाजूने हातभर भेग गेल्यामुळे आता त्यावर बसायची सोय नाही. या फळीची पातळ पानं, म्हणजे व्हिनियर, काढून नव्या फ्लॅटमधल्या कपाटाच्या चार दारांना लावायची तुमच्या मनात आहे. गच्चीवरच्या खोलीत तुमचा छोटा बँडसॉ (पट्टीसारखं पातं गोल फिरणारी विजेची करवत) आहे, हौसेने बऱ्याच वस्तू केल्या आहेत. पण मिस्त्री म्हणतो, हे घरी जमत नाही, तयार शीट आणा. गेल्या मे महिन्यात तुम्ही तयार व्हिनियर एका दाराला लावून पाहिलं, ते ऑगस्टमध्ये वाकलं आणि बंद होईना. शिवाय बाबांचं म्हणणं असं की लाकूड चिरून प्लायला चिकटवायचं म्हणजे नुसता मुलामा, त्यापेक्षा झोपाळा माळ्यावर पडू दे.

घरी होतं. दांडिया बाजाराजवळ परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली पंचवीसेक वर्षं मी हेच करतोय, आणि सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे तुमच्यापेक्षा कमी हत्यारं होती. पण आधी ते वाकलेलं दार समजून घेऊ. ते समजलं की फळीला भेग का गेली तेही समजेल, आणि बाबांच्या आक्षेपाचं उत्तरही त्यातच आहे.

तुम्ही लिहिलंय की मुठीकडची बाजू बोटभर पुढे आली. दाराची मागची बाजू तुम्ही कोरीच ठेवली होती, कपाटाच्या आत कोण बघतंय म्हणून. हवा बघते. पांढऱ्या फेविकॉलमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं. पान ते पाणी पितं, फुगतं, आणि फुगलेलं असतानाच चिकटतं. नंतर वाळताना त्याला आकसायचं असतं, पण चिकटल्यामुळे आकसता येत नाही, मग ते बोर्डालाच आपल्याकडे ओढून घेतं. हा झाला मे महिना. त्यावर तुम्ही पुढून पॉलिशचे तीन हात दिले आणि मागून काहीच नाही. पावसाळ्यात दमट हवा मागून शिरली, मागची बाजू फुगली, पुढची होती तशी राहिली. दोन्ही ओढी एकाच दिशेच्या. दार पुढच्या बाजूला वाटीसारखं वळलं नसतं तरच नवल.

आता आकडे. माझ्या शेडमधल्या सागाच्या तुकड्याला मीटर लावला तर मे अखेरीला त्यात ७ टक्क्यांच्या आसपास ओल दाखवतो, ऑगस्टमध्ये १५. ताजा ओला साग पार सुकेपर्यंत वाढीच्या कड्यांच्या कडेकडेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, आणि लांबीत जवळजवळ शून्य. सुतार लोक सागाला 'न हलणारं लाकूड' म्हणतात. इतर लाकडांच्या मानाने ते खरंही आहे. तरी हिशोब करा: तुमची २२ इंची फळी आडव्या कापाची, म्हणजे वाढीच्या कड्या रुंदीच्या दिशेने असलेली, असेल तर मे ते ऑगस्टमध्ये तिची रुंदी ८ मिलिमीटरच्या घरात बदलणार. फळी उलटी करून बघा. खाली दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने घट्ट आवळलेल्या असतील. झोपाळ्याला त्या बहुतेक असतातच, सांधा उघडू नये म्हणून. फळीला दर उन्हाळ्यात आकसायचं होतं, पट्ट्या आकसू देत नव्हत्या. पन्नास-साठ उन्हाळे तिने सोसलं आणि एका उन्हाळ्यात फाटली. भेग पट्टीच्या स्क्रूपाशीच सुरू झालेली असणार. मला कळवा, पण मी पैज लावायला तयार आहे.

म्हणून बाबांना सांगा की दीड इंच जाडीच्या फळीत ही आडवी ताकद इतकी असते की ती स्क्रूलाही जुमानत नाही. तीच फळी दोन मिलिमीटरच्या पानांत उतरवली की एकेका पानात ताकद एवढी थोडी उरते की प्लाय आणि डिंक मिळून तिला धरून ठेवतात. लाकूड तेच, रेषा त्याच, फक्त भांडण मिटवलेलं. आणि चिकटवलेलं म्हणजे नकली म्हणायचं तर शेजारच्या सुरतेची सादेली काय म्हणायची? लाकूड, हाड, हस्तिदंत, धातू यांच्या बारीक काड्यांची जुडी चिकटवून ती आडवी कापायची, काकडीच्या चकत्यांसारखी, आणि त्या नक्षीच्या पातळ चकत्या पेटीवर बसवायच्या. पारशी घरांतून त्या पेट्या अजून जपून ठेवलेल्या दिसतात. त्यांना कुणी मुलामा म्हणत नाही.

तयार शीटबद्दल मिस्त्रीवर रागावू नका. बाजारात मिळतं ते व्हिनियर साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं, तीन-साडेतीन मिलिमीटरच्या प्लायवर आधीच चिकटवलेलं, ८ बाय ४ च्या शीटमध्ये. कारखान्यात लाकूड भिजवून-उकडून मऊ करतात आणि सुरीने सोलतात. भुसा पडतच नाही, म्हणून एका ओंडक्यातून अफाट माल निघतो. पण सोलताना पान सुरीवर वाकतं आणि त्याच्या एका बाजूला बारीक चिरा पडतात. ती बाजू चुकून वर आली तर पॉलिश कसंही करा, काही वर्षांत तिथे केसासारख्या रेघा दिसायला लागतात. करवतीने काढलेल्या पानाला ही कटकट नाही, त्याला दोन्ही बाजू सारख्या. शिवाय दोन मिलिमीटरचं पान घासून दीड उरतं, ते उद्या ओरखडा गेला तर पुन्हा घासता येतं. अर्ध्या मिलिमीटरच्या पानावर पॉलिश पेपर जरा जास्त फिरला की खालचा प्लाय डोकावतो.

आता तुमच्या फळीचा हिशोब. फळीच्या चार कोपऱ्यांना टांगायच्या कड्यांची भोकं आहेत, म्हणून दोन्ही टोकं सोडून सलग ४ फूट धरा. बँडसॉखाली उंची ६ इंच मिळते असं तुम्ही म्हणता, तरी ५ इंचांवर जाऊ नका, छोट्या मोटरला तेवढंच झेपतं. म्हणजे २२ इंचांतून ५ इंचांच्या ४ पट्ट्या, बाकी भेग, सांधा आणि कडांत जाईल. जुनं पॉलिश काढल्यावर जाडी ३६ मिलिमीटर उरते असं समजा. पान २ मिलिमीटर, करवतीचा घास १, आणि दर पानामागे रंधा मारायला अर्धा. साडेतीनने भागलं तर १० पानं. पण शेवटचा तुकडा हातात धरायला हवा आणि एखादं पान वाकडं येणारच, म्हणून ८ धरा. चार पट्ट्यांची ३२ पानं. एका १७-१८ इंची दाराला ४ पानं लागतात, चार दारांना पुढून १६ आणि मागून १६. बरोब्बर ३२! म्हणजे एकही पान फाटायची मुभा नाही, आणि माझा अनुभव सांगतो की दोन तरी फाटतातच. म्हणून आजोबांची पानं पुढे लावा. मागे लातीवरून साधा साग आणून त्याची तेवढ्याच जाडीची पानं काढा. (बडोद्याबाहेरच्यांसाठी: लाती म्हणजे लाकडाची वखार. इथल्या मराठीत आम्ही वखार म्हणतच नाही.) जात तीच आणि जाडी तीच, एवढं पाळलं की पुरे. मागची नक्षी जुळली नाही तर चालतं, जाडी नाही जुळली तर दार पुन्हा वळेल. टेबलसॉवर कापायचा मोह टाळा. त्याचं पातं ३ मिलिमीटर खातं, म्हणजे पानापेक्षा भुसाच जास्त.

जाता जाता एक. तुम्ही फळी 'बर्मा साग' म्हटली आहे. बडोद्यात प्रत्येकाच्या आजोबांचा झोपाळा बर्मा सागाचाच असतो! असेलही. डांग, राजपिपळा, छोटा उदेपूर इथली सागाची जंगलं इतकी जवळ असताना सगळाच साग बोटीने कशाला येईल, असा प्रश्न मला पडतो. पानाला त्याने काही फरक पडत नाही. रेषा सरळ आहेत का आणि गाठी कुठे आहेत, एवढं बघा.

कापण्याआधी खिळे शोधा. झोपाळ्याच्या फळीत कुणीतरी कधीतरी खिळा मारलेलाच असतो, गादी सरकू नये म्हणून किंवा उगाच. लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून सावकाश फिरवा. सागात लोखंड बराच काळ राहिलं की आसपास काळपट डाग पडतो, तेव्हा जिथे काळं दिसेल तिथे दोनदा फिरवा. डोकं तुटलेला खिळा वरून दिसत नाही. माझं एक नवंकोरं पातं पहिल्याच पट्टीत अशा अर्ध्या खिळ्याने संपवलं आहे. कड्यांच्या भोकांत पितळी वाटी ठोकलेली असली तर तीही काढा.

पातं अर्धा इंच रुंद, इंचाला ३ दात, आणि नवं. यात काटकसर करू नका. सागात वाळूसारखी सिलिका असते, ती धार खाते. चौथ्या पट्टीपर्यंत पातं रडायला लागेल, तेव्हा दुसरं आणून ठेवा. भुसा गेला नाही तर पातं तापतं आणि भरकटतं, म्हणूनच दात कमी हवेत. प्रत्येक बँडसॉचं पातं थोडं तिरकं चालतं. एका टाकाऊ फळीवर सरळ रेघ मारून हाताने रेघेवर कापत अर्ध्यापर्यंत जा, थांबा, फळी ज्या कोनात धरलेली आहे त्या कोनात फेन्स (लाकूड टेकवून ढकलायची सरळ आडपट्टी) लावा. फेन्स ठेंगणी असेल तर तिला ५ इंच उंचीची प्लायची पट्टी जोडा, नाहीतर पट्टी डुलेल आणि पान वर दोन मिलिमीटर आणि खाली तीन असं निघेल.

कापायची रीत अशी. पट्टीची एक बाजू रंधा मारून आरशासारखी सपाट करा. ती बाजू फेन्सला टेकवून नव्हे, पात्याच्या बाहेरच्या अंगाला ठेवून पान काढा. पान सुटलं की पट्टीवर करवतीचे आडवे ओरखडे दिसतील. तिथे पुन्हा रंधा मारा, सपाट करा, पुढचं पान काढा. फेन्स मात्र दर वेळी तेवढी पुढे घ्यायची. यात वेळ जातो, पण फायदा असा की प्रत्येक पानाला एक बाजू रंधलेली मिळते. ती डिंकाची बाजू. दुसऱ्या बाजूचे ओरखडे चिकटवल्यानंतर वरून घासता येतात. सुटं पान प्लेनरमधून (रंध्याच्या यंत्रातून) काढायला जाऊ नका. दोन मिलिमीटरचं पान आत ओढलं गेलं की तुकडे होऊन बाहेर येतं, आणि कधीकधी तुमच्याच दिशेने.

पहिलं पान सुटतं तो क्षण मला अजूनही आवडतो. शेवटच्या वीतभरात पान थरथरायला लागतं, पात्याचा आवाज जाड होतो आणि मग एकदम ते बाजूला झुकतं, पापडासारखं. आणि वास येतो, जुन्या सागाचा तो चामड्यासारखा, तेलकट वास. शेवटचे सहा इंच हाताने ढकलायचे नाहीत, लाकडाच्या ठोकळ्याने ढकलायचे. तोंडाला एन-९५ मास्क हवाच. सागाच्या भुश्याने अनेकांना खाज आणि शिंका येतात. आणि लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून नोंदवलेली आहे. गच्चीवर वारा आहे म्हणून चालतं, असं म्हणू नका.

पान काढण्याआधीच पट्टीच्या एका टोकाला खडूने मोठा त्रिकोण काढा, संपूर्ण जाडीवर. मग पानं कितीही विस्कटली तरी त्रिकोण जुळवला की क्रम परत मिळतो. क्रमाला जपा, कारण पानं जुळवायची मजा त्यातच आहे. लागोपाठची दोन पानं पुस्तकासारखी उघडली की मधल्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र उमटतं. चार पानांच्या दाराला मी दोन जोड्या करतो. पण तुमच्या फळीच्या रेषा सरळ असतील तर उघडण्याऐवजी पानं नुसती शेजारी सरकवून लावा, कारण सरळ रेषांत उघडलेली जोडी उगाच बाणासारखी दिसते. जमिनीवर पांढरी चादर टाकून सोळाही पानं मांडा, घरातल्यांना दाखवा, रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी डोळा बदललेला असतो.

पानं काढल्यावर लगेच चिकटवू नका. मध्ये बारीक पट्ट्या ठेवून, वर वजन ठेवून, ज्या खोलीत कपाट राहणार त्याच खोलीत निदान दोन आठवडे ठेवा. ऋतूही निवडा. मेमध्ये पान सर्वांत आकसलेलं असतं आणि ऑगस्टमध्ये सर्वांत फुगलेलं. मधल्या काळात, म्हणजे दसऱ्यानंतर किंवा होळीच्या आसपास, चिकटवलं की दोन्हीकडे थोडं थोडं हलायला जागा राहते. गेल्या मेमध्ये घाई झाली, एवढंच.

पानांच्या कडा जोडण्यासाठी पानं एकावर एक ठेवून दोन सरळ फळ्यांमध्ये आवळा, कड केसभर बाहेर ठेवा आणि फळ्यांसकट लांब रंधा मारा. दोन पानं जोडून खिडकीसमोर धरा, उजेड आरपार दिसला तर पुन्हा रंधा. सांध्यावर निळी मास्किंग टेप आडवी, ताणून लावा. ती मागे खेचली जाते आणि सांधा आपोआप घट्ट होतो. मग टेप बाहेरून ठेवून सांधा पुस्तकासारखा उघडा, डिंकाचं बोट फिरवा, मिटा.

दाराचा गाभा कुठला, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण निम्मी लढाई तिथेच असते. नियम असा की पानाच्या रेषा खालच्या प्लायच्या वरच्या थराच्या रेषांना आडव्या हव्यात, नाहीतर खालचा थर जसा हलेल तशी वरच्या पानाला चीर जाते. ८ बाय ४ च्या शीटवर वरच्या थराच्या रेषा ८ फुटांच्या दिशेने असतात. उभी दारं कापली तर पानं समांतर येतात, आणि बहुतेक मिस्त्री नेमकं हेच करतात, माल वाचतो म्हणून. तुमची दारं ४ फुटांच्या आतली आहेत, हे तुमचं नशीब. शीट आडवी कापा, ४ फुटांची बाजू दाराची उंची धरून. १८ इंचांच्या पाच पट्ट्या निघतात, चार तुमची दारं आणि एक सरावाला. १६ मिलिमीटरचा कॅलिब्रेटेड (सगळीकडे सारख्या जाडीचा) प्लाय घ्या, पान घासल्यावर दार १९ च्या आसपास येईल आणि ऑटो हिंजही (आपोआप मिटणारं बिजागर) नीट बसेल. बेडरूमच्या कपाटाला आयएस ३०३ या भारतीय मानकाचा चांगला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) प्लाय पुरतो. ७१० चा मरीन घ्यायचा तर घ्या, पण उधईची (वाळवीची) भीती दाखवून कुणी महागडा माल गळ्यात मारत असेल तर आधी शीट ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत भेगा आहेत, मग शिक्का कुठलाही असो.

आता डिंक. फेविकॉल १९५९ सालचा. त्याआधीचं जुनं व्हिनियरचं फर्निचर बहुतेक सरसाने (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनच्या डिंकाने) चिकटवलेलं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर दोन महिने माझ्या शेडमध्ये जुनी कपाटं आणि पेट्या येत होत्या. सरसाने चिकटवलेली पानं सुटून हातात आलेली, पण पानं धड. सरस पाण्यात आणि उष्णतेत सुटतो, पुन्हा गरम केला की पुन्हा धरतो. ती सगळी परत बसवता आली. त्याच पुरातलं भुश्याच्या बोर्डाचं फर्निचर मात्र फुगून लापशी झालं होतं. दुरुस्तीच्या कामात सरसाला मी अजून मानतो. पण नव्या दारांना तो लावायचा तर हात चटकन चालायला हवा, आणि तुम्हाला तो सराव नाही.

पिवळसर, चिकट, रबरी फेविकॉल, ज्याला मिस्त्री 'एसआर' म्हणतात, तो पानाला लावू नका. तो लवचिक राहतो, पानाला खाली सरकू देतो, आणि थिनरचं पॉलिश मारलं की फुगे येतात. फोम, रेक्झिन यांना तो ठीक. इस्त्रीची युक्ती तुम्ही कुठेतरी पाहिली आहे: दोन्हीकडे पांढरा डिंक लावून वाळू द्यायचा आणि वरून गरम इस्त्री फिरवायची. अर्ध्या मिलिमीटरच्या तयार पानाला ती चालते, विशेषतः वळणावर. दोन मिलिमीटरच्या सागातून मात्र उष्णता खाली पोचेपर्यंत वरचं लाकूड आकसून सांधे उघडतात. तेव्हा तुमच्यासाठी पाण्याला टिकणारा पांढरा डिंक, मरीन म्हणून मिळतो तो. मी स्वतः दारांना युरिया-फॉर्मल्डिहाइड डिंकाची पावडर कालवून वापरतो, कारण तो दगडासारखा घट्ट होतो, वर्षानुवर्षं सांध्याशी सरकत नाही. पण त्याचा वास डोळ्यांत जातो आणि प्रमाण चुकलं की सगळं वाया. पहिल्या कपाटाला नको.

साग तेलकट. रंधलेली बाजू चिकटवायच्या आधी ॲसिटोन लावलेल्या फडक्याने पुसा, फडकं पिवळं झालं की समजा तेल निघतंय. ॲसिटोन उडालं की लगेच चिकटवा, दुसऱ्या दिवसावर टाकलं तर तेल पुन्हा वर येतं. डिंक फक्त प्लायला लावा, पानाला नाही. पानाला लावलात तर ते मिनिटभरात नळीसारखं गुंडाळतं. रोलरने पातळ, सारखा थर द्या, एका बाजूला १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्धी वाटी. आणि दोन्ही बाजू एकाच वेळी चिकटवा. आधी पुढची, उद्या मागची, असं केलंत तर उद्या सकाळी दार आधीच वळलेलं सापडेल.

दाबाबद्दल लोकांच्या कल्पना गमतीच्या असतात. तुम्ही वर सिमेंटच्या गोण्या ठेवायचं म्हणता. पन्नास किलोच्या दहा गोण्या म्हणजे ५०० किलो. तुमच्या दाराचं क्षेत्रफळ साडेपाच हजार चौरस सेंटिमीटर. म्हणजे चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅमही दाब नाही. आता तेच दार जाड प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत घाला आणि हवा काढून घ्या. बडोदं समुद्रसपाटीपासून फारसं उंच नाही, हवेचा पुरा दाब मिळतो, चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या जरा वर. ०.८५ धरला तरी पावणेपाच टन, आणि तोही कोपऱ्यांपासून मध्यापर्यंत सगळीकडे सारखा. पंप एसी-फ्रीजवाल्याकडे असतो, दिवसाच्या भाड्याने मिळतो. पानावर मेणकागद, त्यावर दोन्ही बाजूंना पातळ सपाट बोर्ड, त्यावर जाळी, म्हणजे हवा अडकत नाही.

पंप मिळाला नाही तर दोन जाड बोर्डांमध्ये दार ठेवून आडव्या दांड्या आणि क्लॅम्प. दांड्यांच्या आतल्या कडेला रंध्याने किंचित पोट ठेवा, मध्यभागी दोन मिलिमीटर जास्त आणि टोकांकडे उतरतं. टोकांचे क्लॅम्प आवळले की आधी मध्य दाबला जातो, डिंक आणि हवा बाहेरच्या बाजूला पळतात. सरळ दांडीने फक्त कडा दाबल्या जातात आणि मध्ये फुगा राहतो. कडेने डिंकाचे बारीक मोती एका ओळीत आले की दाब बरोबर. थंडीत रात्रभर ठेवा. काढल्यावर दार भिंतीला टेकवून दोन्ही बाजूंना हवा लागेल असं उभं करा, आडवं नको, आणि तीन दिवस त्याच्याकडे बघू नका. सांध्याजवळचं लाकूड डिंकाच्या पाण्याने फुगलेलं असतं. लगेच घासलंत तर आज सपाट दिसेल आणि महिन्याने प्रत्येक सांध्यावर बारीक खाच पडेल.

मग कडांना त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यांची पाच मिलिमीटरची पट्टी. पान लावल्यानंतर लावा, म्हणजे पानाची कड झाकली जाते आणि किल्ल्यांचा जुडगा आपटला तरी कूस निघत नाही. घासताना दारावर पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघा मारा आणि त्या पुसल्या जातील तेवढंच घासा, आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग २४०. टॉर्च दारालगत आडवी धरली की राहिलेले ओरखडे दिसतात. नखाने सगळीकडे टकटक करा. कुठे पोकळ वाजलं तर रेषेच्या दिशेने ब्लेडने चीर द्या, इंजेक्शनच्या सिरिंजने डिंक भरा, मेणकागद आणि ठोकळा ठेवून क्लॅम्प.

पॉलिशचं फार लांबवत नाही. पहिला हात लाखेचा, स्पिरिटमधला, कारण सागाचं तेल पीयूला (पॉलियुरेथेनच्या पॉलिशला) नीट सुकू देत नाही. त्यावर काय हवं ते, पण मागे-पुढे हात सारखेच. एक मात्र आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही घाबराल: ताजं कापलेलं पान चट्टेरीपट्टेरी दिसतं, कुठे हिरवट झाक, कुठे फिकट. हा आजोबांचा झोपाळा नव्हेच, असं वाटेल. रंग चढवायला जाऊ नका. खिडकीजवळ उजेडात दोन-तीन आठवडे ठेवा, सगळं एकसारखं सोनेरी-तपकिरी होतं. त्या काळात दारावर पुस्तक किंवा कागद ठेवू नका, त्याचा आकार उमटून बसतो.

राहता राहिले बाबा. त्यांना पटवायच्या भानगडीत मी पडत नाही. पण सुरुवात चारही पट्ट्यांनी करू नका. लातीवरच्या सागाची मागची पानं आधी काढा, त्यात हात बसेल. मग प्लायच्या त्या पाचव्या पट्टीवर आजोबांच्या फळीची चार पानं लावून एकच सरावाचं दार करा, दोन्ही बाजूंनी, आणि एक पावसाळा बाबांच्या खोलीत उभं ठेवा. बाकीची फळी तोवर माळ्यावरच असेल. आणि ती चार पानं ज्या पट्टीतून काढायची, तिच्यासाठी फळीवर पहिली करवत त्या भेगेतूनच घाला, तिथे ती आधीच दोन झालेली आहे.